सत्कारमूर्ती पळवल्याबाबत

दिनांक १७ फेब्रुवारी १९९८

मी, लीलाबाई गेणबा वाघमोडे, वय अंदाजे पंचेचाळीस, धंदा शेती, राहणार खोरवाडी, कळंबजवळ, तालुका इंदापूर. आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष येऊन सांगते की, आरोपी सोपान कोकरे हा माझा सख्खा धाकटा भाऊ असून तो बारामतीस कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. फिर्यादी दादासो फडतरे हे आमच्या गावचे सरपंच आहेत.

दिवाळीनंतर ऊस तोडताना माझे पती गेणबा यांच्या नडगीला कोयता लागला. गावातील डॉक्टरांनी इंजेक्शने दिली. जखम चिघळली तसे इंजेक्शन बदलले, मग आणखी भारी दिले. सोपानने पू तपासून घेतला. त्यातील जंतूंना आमच्याकडे मिळणारे कोणतेच औषध लागू पडत नाही असे समजले.

सोपान कॉलेजात झिंक ऑक्साइडची, म्हणजे जस्ताच्या भस्माची, पिठाहून कितीतरी बारीक भुकटी करतो. त्याने तेच जंतू काचेच्या बशीत वाढवून त्यावर ती टाकली. भुकटीभोवती जंतू वाढले नाहीत. हे त्याने आमच्या घरी चहा पिताना सांगितले. मी म्हणाले, मग लाव की.

तो म्हणाला, "आक्का, पावडर खरी हाय, पण आजून काचेतली हाय. पायात काय करंल, मला ठावं न्हाय. दाजींना पुण्याला न्यायचं. तितं शिरंतनं द्यायचं औषध हाय." रविवारी न्यायचे ठरले.

त्या वेळी सरपंच पतीची विचारपूस करण्यास आलेले होते. त्यांनी जंतू मेल्याचे तेवढे ऐकले. दूध संघाची निवडणूक जवळ होती. दुसऱ्या दिवशी गावात रिक्षा फिरली, की सरपंचांच्या मार्गदर्शनाखाली लागलेल्या शोधाचा रविवारी समारंभ असून पहिले बरे झालेले रुग्ण गेणबा वाघमोडे यांचा सत्कार आहे. पती बरे झालेले नव्हते. मी हे सरपंचांना सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, सत्कार झाला की व्हतील."

सोपानने पावडर दिली नाही, म्हणून सरपंचांनी रंगाच्या दुकानातून पांढरी भुकटी आणून आपला फोटो छापलेल्या पुड्यांत भरली.

रविवारी पुण्याला न्यायची गाडी येण्याआधी कार्यकर्त्यांनी पतीला खुर्चीसकट उचलून मांडवात नेले. अंगात ताप होता. एका पाहुण्याने हा शोध आपल्या पूर्वजांना ठाऊक असल्याचे सांगितले, दुसऱ्याने तो सहकारामुळे लागल्याचे सांगितले. नंतर सरपंचांनी पट्टी सोडून जखमेवर भुकटी टाकली. फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला नाही, म्हणून पुन्हा टाकली. पती ओरडले नाहीत. त्यांनी माझा हात धरला.

तेव्हा सोपान स्टेजवर चढून माइकवर म्हणाला, "ही माझी पावडर न्हाय. माझी असती तरी लावू दिली नसती. ह्या माणसाला दवाखान्यात न्या." माइक बंद करण्यात आला. पुढे माइक पडून फुटला, तो कोणी पाडला हे मला सांगता येणार नाही. माझा पदर वायरीत अडकला होता. सोपानने पतीला खांद्याला धरून उचलले. पाय मी धरले. पतीची जबरदस्ती झाल्याची तक्रार नाही. ते "हळू" एवढेच म्हणाले.

पुण्यात डॉक्टरांनी पू हाडापर्यंत गेल्याचे सांगितले. औषधाने जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आधी आणले असते तर, असे मी विचारले. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

सोपान रोज येऊन खाटेजवळ बसत असे. पतीने त्याला विचारले, "बशीत काय चाललंय?"

"चाललंय, दाजी."

"मग हितं का बसलाय? जा की कॉलेजात."

त्यानंतर सरपंच राहिलेला सत्कार पुरा करण्यास फोटोग्राफरसह दवाखान्यात आले. सोपानवरची फिर्याद त्यांनी मागे घेतलेली नव्हती. फोटोत बरे दिसावे म्हणून त्यांनी शाल पतीच्या खांद्यावर न घालता पायांवर पसरली. डाव्या बाजूला ती गादीला टेकली. फोटोग्राफरने खाली उशी ठेवण्यास सांगितले. उशी माझ्या हातात होती. मी दिली नाही.

माझा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यातील "पळवून नेले" हे शब्द खोडून माझ्या सांगण्यावरून "दवाखान्यात नेले" असे लिहिले आहे. बाकी मी सांगितले तसेच आहे.

लीलाबाई गेणबा वाघमोडे, डाव्या हाताचा अंगठा