तीन फुंका

—तर काय सांगत होतो, या अख्ख्या शेडमध्ये माझ्या हाताखालून गेलेला एक बोल्ट हललेला दाखव, मी माझी मिशी उतरवून तुझ्या स्टिअरिंगला बांधतो. चाळीस वर्षांत एक नाही हलला! — बरं, एक हलला होता. म्हणजे चार. पण एकाच प्लेटचे चार, म्हणजे एकच धरायचा. आणि मिशी मला कधी उगवलीच नाही, त्यामुळे पैज लावायला बरी पडते. तू उठू नको, बस तसाच, जेव सावकाश. गाडी चार्जिंगला लागलीय, अजून अर्धा तास तरी तुला कोणी हलवत नाही. मी आपला इथे खोक्यावर टेकतो. तुझ्याशीच काम आहे. तीन वाजता तू गाडी घेऊन त्या कोपऱ्यातल्या नव्या कठड्याला धडक देणार ना, पाहुण्यांसमोर — त्याबद्दलच. घाबरू नको, चांगलंच सांगणार आहे. तुला इथे सगळे काय म्हणतात ठाऊक आहे का? गोगलगाय! रिकामी फोर्कलिफ्टसुद्धा अशी चालवतोस की जणू काट्यांवर अंड्यांची टोपली आहे. नाव मीच ठेवलं. राग मानू नको, मी सगळ्यांना ठेवतो, आणि मलाही ठेवलेलंच आहे की — फुंक्या.

थापा मारतो म्हणून फुंक्या नाही हं. मारतो, पण ते कारण नाही. माझं कामच फुंकायचं. माझा थोरला भाऊ, दादा, तो ड्रिल चालवायचा आणि मी त्याच्या मागून भोकं फुंकत जायचो. हस, हस! शाळेत मी चौथीतच बसून राहिलो, मास्तर म्हणाले याच्या डोक्यात नुसती हवा आहे — दादा म्हणाला, मग ती कामाला लावू. लोकांना वाटतं कठडा म्हणजे लोखंड. जाड खांब, आडवी पट्टी, पिवळाधमक रंग, झालं. अरे, कठडा म्हणजे भोक! तुझी ती चार टनांची गाडी येऊन आदळली की लोखंड काय करतं? काही करत नाही. लोखंड मोठं लबाड, सगळा मार खाली बोल्टांवर ढकलून देतं आणि स्वतः ताठ उभं. घरातल्या मोठ्या जावेसारखं. आणि बोल्ट कशाच्या जिवावर? भोकाच्या. फरशीत वीतभर भोक पाडलं की आत पीठ साठतं — काँक्रीटचं, बोटाला लावलं तर पावडर वाटेल असं बारीक. ते काढायचं. नळी आत घालून तीन फुंका, मग तारेचा ब्रश तीनदा, मग परत तीन फुंका. दादाचा नियम. मग त्यात गम भरायचा, बोल्ट पिळत पिळत आत घालायचा, गम वाळला की पान्यानं आवळायचं. आणि नाही फुंकलं तर? तर काही नाही! हीच तर गंमत. बोल्ट बसतो, पुरेसं आवळलं की पाना टक् वाजतो, साहेब लोक येऊन बुटानं ठोकून बघतात, सगळं ठणठणीत. पण आत काय झालेलं असतं — गम धरून बसतो धुळीला, आणि धूळ कुणालाच धरत नाही.

लक्षात ठेव हे, पुढे लागणार आहे.

आता आपला साहेब. आज साहेब आहे, अकरा वर्षांपूर्वी साधा सुपरवायझर होता. मी त्याला घड्याळ म्हणायचो. माणसाशी बोलताना माणसाकडे बघायचाच नाही, मनगटाकडे बघायचा. ‘किती झाले? संध्याकाळपर्यंत किती होतील? का नाही होणार?’ दादा शांत माणूस, तो म्हणायचा, साहेब, गमाला घड्याळ कळत नाही, तो वाळेल तेव्हा वाळेल. की हा पाय आपटायचा. एकदा सगळ्यांसमोर दादाला म्हणाला, ‘तुझ्यापेक्षा गोगलगाय बरी.’ — हो, तिथूनच घेतलंय तुझं नाव, उगाच नाही. दादाला असं बोलला ना, तेव्हाच मी म्हटलं, थांब लेका, तुला बसवतो. आणि बसवला! ऐक, हे ऐक, हे ऐकून तुझा घास अडकेल. दादा तिकडे कोपऱ्यात, पॅकिंगच्या टेबलाशेजारी, त्या दिवसाची शेवटची प्लेट करत होता. कानांवर ती मोठी झाकणं लावलेली, पाठ माझ्याकडे. चार भोकं पाडली आणि गमाच्या नळ्या आणायला गेला सामानाच्या गाडीकडे. आणि समोर घड्याळाची केबिन उघडी, आत कोणी नाही! मी म्हटलं, हीच ती वेळ. आत शिरलो. त्याच्या खुर्चीला पाच चाकं, त्यातली दोन काढली — एका बाजूचीच, हां, त्याला डोकं लागतं — खिशात घातली, खुर्ची टेबलाला अशी टेकवून ठेवली की बघणाऱ्याला वाटावं, वा! बाहेर आलो तर दादा शेवटचा बोल्ट गमात पिळतोय. मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो, साधूसारखं तोंड करून. पाच मिनिटं. आणि मग केबिनमधून — धप्प! आणि पाठोपाठ चहाच्या कपाचा खळ्ळ्! आणि पाठोपाठ आईबाप! दादानं कानावरची झाकणं काढली, माझ्याकडे बघितलं, आणि असा हसला — दादा हसायचा नाही रे सहसा — डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. हे बघ, हे त्यातलंच एक चाक. खिशातच असतं माझ्या. घे, हातात घेऊन बघ. अजून कसं गरगर फिरतं! अकरा वर्षं झाली.

त्या खुर्चीच्या गमतीनंतर नवव्या दिवशी झालं ते. नववा दिवस. दादाची एक सवय होती — डबा खायला तो नेहमी आपणच लावलेल्या कठड्यामागे बसायचा, भिंतीला पाठ टेकून. म्हणायचा, याहून पक्की जागा जगात नाही. त्या दिवशी तिथेच बसला होता, त्या कोपऱ्यात. आणि गाडी मागे आली. जोरात नाही रे, तू चालवतोस तशीच, हळू. ड्रायव्हरला वाटलं मागे कठडा आहे, टेकेल आणि थांबेल. कठड्याचं कामच ते. टेकली — आणि गाजर उपटावं तसे त्या टोकाच्या प्लेटचे चारही बोल्ट वर आले. कठडा दादावर, कठड्यावर गाडी, मागे भिंत. मी धावत गेलो तेव्हा फरशीवर ते बोल्ट पडलेले, चारी पांढरेफटक, पिठात घोळवल्यासारखे. मी ते आधी — जाऊ दे. बोल्टांचं काय घेऊन बसलास. दादा कमरेखाली संपला, एवढं पुरे.

आणि घड्याळानं काय केलं? कागद केला. एक ओळ. ‘बसवणाऱ्या कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.’ बसवणारा कोण? दादा. चाळीस शेडमध्ये ज्याच्या हातचं काम लोकांनी डोळे मिटून घेतलं, तो निष्काळजी! घाई कोणी केली, ते नाही लिहिलं. पाय कोणी आपटले, ते नाही. त्या ओळीवर हा साहेब झाला आणि दादा खाटेवर गेला. सहा वर्षं. गाडीनं नाही मारलं रे त्याला, त्या ओळीनं मारलं. वहिनी सांगायची, डॉक्टर सांगायचे, कागदावर कोणी काहीही लिहितं — पण तो छताकडे बघत पडायचा आणि मनातल्या मनात ती चार भोकं पाडत राहायचा. खोली कमी पडली का, गम जुना होता का, ओल होती का. मी रोज संध्याकाळी जायचो. रोज, एक दिवस चुकवला नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं, ‘फुंकलं होतंस ना रे?’ मी म्हटलं, ‘हो दादा. तीन वेळा.’ पुन्हा कधी विचारलं नाही. माझ्यावर विश्वास फार त्याचा. म्हणाला, ‘मग माझ्याच हातून काही राहिलं असणार.’ सहा वर्षं तेच — माझ्याच हातून, माझ्याच हातून. मरतानासुद्धा. सांग आता, कोणी घातलं हे त्याच्या डोक्यात? त्या कागदानं घातलं! घड्याळानं घातलं!

तर आज. नीट ऐक, गंमत आता आहे. आज तीन वाजता पाहुणे येणार. तू गाडीवर पूर्ण वजन घेऊन चालत्या माणसाच्या वेगानं कठड्याला धडक द्यायची, कठडा हलणार नाही, पाहुणे टाळ्या वाजवणार. ठरलंय. आणि साहेब कुठे असणार? कठड्याच्या मागे, हातभर अंतरावर, भिंतीशी, हातात भरलेला कप घेऊन! पलीकडच्या शेडमध्ये दोनदा केलाय हा खेळ. धडक बसली की कप वर करून दाखवतो, बघा, थेंब सांडला नाही. दोन्ही वेळचे कठडे मी बसवलेले, मग कशाला सांडेल? आणि आजचा कोपरा कोणता? तोच. जागासुद्धा त्यानंच निवडली, त्याला आठवतसुद्धा नसेल. काल मी बसवला तो कठडा. दोन प्लेटा, आठ भोकं. एकही फुंकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा न फुंकता — म्हणजे मुद्दाम असं पहिल्यांदाच. पाना टक् टक् आठदा वाजला. साहेब येऊन बुटानं ठोकून गेला, म्हणाला, ‘वा, फुंक्या, म्हाताऱ्या, हात अजून तयार आहे तुझा!’ मी म्हटलं, साहेब, आशीर्वाद.

तुला काय करायचंय? काही नाही. चालत्या माणसाच्या जागी जरा पळत्या माणसाचा वेग. आणि पाय ब्रेकवर न्यायचा नाही. बस. एवढंच मागायला आलोय. मारायचं नाहीये मला त्याला, छे! मेला की सुटला. मला तो पडलेला पाहिजे. छताकडे बघत. मी जाईन की रोज संध्याकाळी भेटायला, मोसंबी नेईन, उशाशी बसेन, विचारेन — साहेब, किती वाजले? हे हे! सहा वर्षं विचारेन, आयुष्य उरलं तर. आणि तुझ्यावर काही येत नाही, घाबरू नको. तू ठरल्याप्रमाणे धडक दिलीस, कठडा निघाला, तुझा काय दोष? त्या वेळच्या ड्रायव्हरला तरी कुठे काय झालं? कागद होईल, त्यावर ओळ येईल — बसवणाऱ्याचा निष्काळजीपणा. येऊ दे! म्हणावं, मोठ्या अक्षरात लिहा, फुंक्याचं नाव घाला. या वेळी तरी बरोबर माणसाचं — या वेळी — काय म्हणत होतो मी?

हां. वेग.

अरे, बोल की काहीतरी! केव्हाचा एकटाच बडबडतोय. डबा बंद केलास, पाणी प्यायलास, आणि ते चाक घेऊन बसलायस. गोगलगाय नि पोटात पाय असला प्रकार आहे का तुझा? नको असेल तर नको म्हण. पण तुलाही भाऊ असेल. नसला तर असता असं समज. असा भाऊ, जो तुला कामाला लावतो, जेवताना भाजी आधी तुला वाढतो, तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. आणि त्याला कोणी खाटेवर पाडलं, तर तू काय करशील त्या माणसाचं? सोडशील? नाही ना सोडणार? मग!

ते बघ, आला. पाहुणेही आले, हेल्मेटं घालून, दोघांची तर उलटी बसलीत. आणि त्याच्या हातात कप! बघ, आत्तापासून हातात कप, आणि नजर कुठे — मनगटावर. बदलला नाही हो माणूस. चल, ऊठ. प्लग काढ, चढ गाडीवर. मी तिथे रॅकच्या टोकाला उभा राहतो, मला चेहरा दिसला पाहिजे त्याचा. आणि ते चाक दे इकडे. दे ना. काय उलटंपालटं करून बघतोस, सोनं आहे का ते? बोटानं मोजतोयस काय? काही विचारायचंय का — विचार, विचारून टाक एकदा, आणि जा.

“काका, हे चाक काढायला तुम्ही केबिनमध्ये होतात ना — मग तिकडे दादाची ती चार भोकं कोणी फुंकली?”