गुंडूरावांच्या शर्टाचा रफू

...नाही, पण तुम्हीच सांगा, संशय घ्यायचा नाही तर काय करायचं? चामराजपेटेत बावीस वर्षं रफूचं दुकान आहे माझं. आणि आमचे गुंडूराव, माझ्या बहिणीचे, ठकूचे यजमान, सकाळीच शर्ट घेऊन येतात, पोटावर वीतभर चीर, बाहीवर रक्त, आणि म्हणतात काय, "अण्णा, कुत्रं आलं अंगावर. एवढा जपून ठेवा." अहो, कुत्र्याच्या दातानं कापड ओरबाडून निघतं, ही चीर सरळ... सुरीची. अंगावर ओरखडा नाही, मग रक्त कुणाचं? तुम्हाला सांगतो, मला तिथंच संशय आला.

माणूस वाईट नाही हो, पण दारू. यल्लाप्पाच्या गुत्त्यापायी ठकूच्या घरातलं एकेक भांडं गेलं, पोरं करवंटीनं पाणी पितात. दुपारी बातमी आली, यल्लाप्पाचं डोकं कुणी बाटलीनं फोडलं, सात टाके. (बघितले मी ते नंतर, अगदीच ढोबळ.) मागोमाग ठकू, "दादा, हे आत गेले तर मी पोरं घेऊन कुठं जाऊ?" तुम्हाला सांगतो, संशय पक्का झाला. जपून ठेवा म्हणे... म्हणजे पुरावा माझ्या कपाटात?

बसलो. रक्त धुतलं, आतल्या शिवणीतले धागे काढले, आणि असा रफू केला, असा केला... बायकोला चीर सापडेना.

तिसऱ्या दिवशी फौजदार गुंडूरावांना घेऊन दुकानात. गुंडूराव चक्क शुद्धीत, रडतायत, "साहेब, सुरी आधी यल्लाप्पानं चालवली, मी जीव वाचवायला बाटली घातली. फाटका शर्ट आहे की. अण्णा, दाखवा."

काय दाखवू?

फौजदारानं शर्ट उजेडात धरला, उलटा केला. "एल्लि? कुठं फाटलाय?" म्हटलं, साहेब, शपथेवर सांगतो, फाटला होता, मीच रफू केला. तर म्हणतो, "सख्खे मेव्हणे ना तुमचे?" तुम्हाला सांगतो, आता त्याला संशय आला.

खटला झाला, गुंडूराव आत. ठकू पोरं घेऊन माझ्याकडे राहते, बोलत मात्र नाही. आणि परवा फौजदार आला, काखेत पँट, "मालोजीराव, गुडघ्यावर स्वल्प फाटलीय. शर्टाला केलं म्हणत होता, तसं करा." दिली करून. काल न्यायला आला, उजेडात धरली, शोध शोध शोधलं, आणि हळूच म्हणतो, "सापडत नाही हो... तुम्ही तेव्हा खरं बोलत होता की काय?"

म्हटलं, "साहेब, दोन वर्षांची सजा झाली त्यांना. पँट घेऊन जा."