चाळीसच्या आत

...आणि वर मलाच सांगतात, "श्वास सोडा"! मला! अहो, तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी लोकांची पोटं मापतोय. कमरेला टेप लागला की माणूस काय करतो? श्वास आत ओढतो, छाती पुढे काढतो आणि छताकडे असा बघतो की जणू वरचा पंखा त्यानंच बसवलाय! मग मी म्हणतो, "साहेब, सोडा श्वास, नाहीतर ही पँट तुम्हाला फक्त उभ्यानंच घालता येईल." सगळ्या खोड्या पाठ आहेत मला. मापाचं मला शिकवू नका! आणि आता माझ्याच दुकानात, माझ्याच आरशासमोर, माझ्याच गळ्यातला टेप काढून माझी बायको दर रविवारी म्हणते, "अहो, श्वास सोडा."

याची सुरुवात डॉक्टरांनी केली. रिपोर्ट बघितला, चष्मा काढला... डॉक्टरांनी चष्मा काढला की समजावं, आपलं काही खरं नाही. म्हणाले, "साखर काठावर आहे. तीन महिने देतो. वजन उतरवा, दंडाखाली लोंबतंय ते घट्ट करा आणि पोट चाळीस इंचांच्या आत आणा. नाहीतर गोळ्या सुरू, आणि त्या मग कायमच्या." बरं, मापलं का? छे! नुसतं नजरेनं बघितलं आणि वर हसून म्हणतात, "घरीच मापा, टेप तर तुमच्या गळ्यातच असतो." ज्यांचा कोट गेल्याच वर्षी मी पोटावर दोन इंच सैल करून दिला, ते मला सांगणार!

पण हसू नाही आलं हो. कारण गोळ्या म्हटलं की मला दादा आठवतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. याच दुकानात, त्या खिडकीजवळच्या मशीनवर बसायचा. त्याचंही असंच, आधी काठावर, मग एक गोळी, मग तीन, आणि एक दिवस चालता चालता मशीनचा आवाज थांबला. मला वाटलं, दोरा तुटला असेल... बावन्न वर्षांचा होता. मला आता एक्कावन्नावं चालू आहे. तेव्हा भीती वाटली, सरळ सांगतो. पोटात गोळा आला, आणि गोळा यायला तिथं जागाही ऐसपैस!

घर दुकानाच्याच मागं, तिथं येऊन बायकोला सांगितलं. एरवी मी शिंकलो तरी तासभर बोलते, पण त्या दिवशी सरळ पुढे आली. गळ्यातला टेप काढून घेतला. हा टेपही दादाचाच, जुना. पहिले दोन इंच झिजून तुटलेत, म्हणून आलेल्या आकड्यातून मी मनातल्या मनात दोन वजा करतो. गिऱ्हाईकाला पत्ताही लागत नाही, इतकी सवय झालीय. तर ही म्हणाली, "हात वर. समोर बघा. श्वास सोडा." आणि म्हणाली, "शेहेचाळीस."

शेहेचाळीस! मी स्वतः खडूनं कपाटाच्या दारावर लिहिलं. वाकून बघितलं का? अहो, वाकलं की पोटाचं माप बदलतं. मापाचं मला शिकवू नका!

मग आमची लेक सरसावली. कॉलेजात जाते, खेळते, तिला सगळं कळतं. "बाबा, नुसतं पोट कमी होत नसतं. आधी सगळं अंग उतरतं, पोटाचा नंबर शेवटी. प्लँक करा." प्लँक म्हणजे काय माहितीय? कोपरं आणि पायाची बोटं टेकवायची आणि मधला सगळा माणूस अधांतरी! कापायच्या टेबलाशेजारी सतरंजी टाकली, झालो आडवा, दंड थरथरतायत, घाम नाकावरून टपकतोय, म्हटलं, "किती झालं गं?" "नऊ सेकंद, बाबा." नऊ? तेवढ्यात माझा मनातल्या मनात अख्खा कोट शिवून झाला होता!

आणि दंडांची तर वेगळीच तऱ्हा. उजवा दंड टणक, कारण तीस वर्षं जड इस्त्री फिरवतोय. डावा नुसताच सोबतीला! बायको म्हणाली, "आजपासून इस्त्री डाव्या हातानं." पहिल्याच दिवशी एका साहेबांच्या पँटला एका पायावर दोन घड्या पडल्या. साहेब म्हणाले, "ही नवीन फॅशन का?" म्हटलं, "हो, सध्या हेच चाललंय." पुढच्या आठवड्यात दुसरी पँट घेऊन आले, हिलाही तशाच घाला म्हणून!

खाण्याचं तर विचारूच नका. चहा बिनसाखरेचा. बिस्किटांचा डबा होता तिथंच, मी खूश. शिवता शिवता न बघता हात घातला, एक तोंडात टाकलं... चार भोकांचं! बायकोनं डब्यात कोटाची बटणं भरून ठेवलेली! आणि आतून हिचा आवाज, "चावू नका, मोजून ठेवलीयत."

बरं, एवढं करून काय उतरलं? आधी गाल उतरले. मग मान उतरली. गिऱ्हाईकं हळूच विचारायची, "बरं नाही का तुम्हाला?" बूटसुद्धा सैल झाले हो! पोट मात्र जुन्या भाडेकरूसारखं, निघायचं नावच घेईना. पंचेचाळीस... साडेचव्वेचाळीस... त्रेचाळीस. दर रविवारी खडू, दर रविवारी बायकोचा आवाज. आता गंमत बघा, माझी पँट चव्वेचाळीसची, मीच शिवलेली, पहिल्या दिवशी अंगाला बरोबर बसत होती. मग पोट शेहेचाळीस कसं? शंका यायला नको? पण मी म्हटलं, कापड सैलावलं असेल. कापडाला दोष देण्यात आम्ही लोक पटाईत!

तीन महिने संपले त्या सकाळचं माप साडेएकेचाळीस. म्हणजे संपलं. दीड इंचासाठी मी दादाच्या वाटेवर! दवाखान्याचा जिना मी श्वास रोखून चढलो, आत गेलो तो जांभळा होऊन. नर्सबाई म्हणाल्या, "काका, श्वास सोडा." सोडला. सगळाच सोडला. त्या म्हणाल्या, "साडेएकोणचाळीस."

म्हटलं, "पुन्हा मापा." त्या म्हणाल्या, "अहो काका, जास्त आलं तर लोक पुन्हा मापायला सांगतात!" म्हटलं, "बाई, तीस वर्षं या धंद्यात आहे, मापाचं मला..." आणि त्यांच्या हातातून टेप घेतला. नवा कोरा, अगदी पहिल्या इंचापासून शाबूत. पहिल्या इंचापासून! तेव्हा डोक्यात उजेड पडला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा डोळ्यांवर तसाच, म्हणाले, "साखर खाली आलीय, गोळ्यांची गरज नाही." मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि रडलो हो. मोकळं रडलो.

घरी येऊन कडाडलो, "अगं, टेपचे दोन इंच तुटलेत! तू वजाच केले नाहीस!" ही काजं करत होती, मान वर न करता म्हणाली, "पंचवीस वर्षं या दुकानात बसतेय, मला ठाऊक नाही होय?"

"मग?"

"कोट शिवताना तुम्ही आत दोन इंच कापड जास्तीचं ठेवता की नाही, पुढंमागं लागेल म्हणून? तसे मी ठेवले. चाळीस दिसलं असतं तर तुम्ही तिथंच बैठक मारली असती." आणि मग खिडकीकडे बघत म्हणाली, "ते मशीन थांबलेलं मला परत ऐकायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी माझ्या पाचही पँटा कमरेत आत घेतल्या, आणि जास्तीचं कापड, आमची रीतच ती, आत दुमडून ठेवलं. असू दे, माणसाचा काय भरवसा! मी चहाला आत गेलो, परत येऊन बघतो तर ही कात्री घेऊन बसलेली, आणि टेबलावर माझ्या पाचही पँटांमधलं जास्तीचं कापड!

म्हटलं, "अगं, उद्या पोट सुटलं तर?"

"सुटायचं नाही," म्हणाली. "हात वर करा, रविवार आहे."

तर तुम्हाला सांगतो, मापाचं मला शिकवू नका... काही विचारायचं असेल तर तिलाच विचारा.