आक्काने सांगितलेली सातवी

आज मी जो काही आहे तो माझ्या सुमनआक्कामुळे, हे आधी लिहून घ्या. लांज्याजवळ आमची बौद्धवाडी. वडील लवकर गेले, आक्का चौथीतूनच काजूच्या कारखान्यात बसली, चिकाने बोटं सोलून निघायची आणि त्याच हातांनी तिने मला बीएस्सी, बीएड केलंन. घरातला पहिला पदवीधर मी. रत्नागिरीकडे हायस्कुलात गणिताचा मास्तर झालो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. लावणीला शेतात उतरलो आणि लेप्टोचा ताप आला, मूत्रपिंडं बसली, फुप्फुसं बसली, श्वासाच्या मशीनवर ठेवलं. वाचलो. पण वाचलो म्हणजे काय सांगू तुम्हाला, आक्का समोर उभी आणि मला पाणी हा शब्द आठवेना. डॉक्टरांनी स्मरणाच्या तपासणीला एका मॅडमकडे पाठवलं. नाव, वय, शिक्षण, कामधंदा सगळं आक्कानेच बाहेर फॉर्म भरताना सांगितलंन, मी भिंतीला टेकून बसलेला. मग आत मॅडमनी शब्द वाचले, थोड्या वेळाने तेच परत विचारले, शंभरातून सात-सात वजा करा म्हणाल्या आणि मी, गणिताचा मास्तर, अडकलो. तरी शेवटी म्हणाल्या, ठीक आहे, काळजी नको. आक्का निर्धास्त होऊन घरी गेली.

मी शाळेत गेलो. दहावीच्या फळ्यावर समीकरण मांडलं आणि पुढे काय करायचं तेच डोक्यातून गेलं. मागून एक पोरगी म्हणाली, सर, खडू संपला काय? सगळा वर्ग हसला. खडू हातातच होता. तपासणी ठीक, मग हे काय, मला वेड लागतंय की काय, नोकरी गेली तर पुढे काय, रात्रंदिवस तेच.

परत मॅडमकडे गेलो, एकटाच. त्या म्हणाल्या, सातवी शिकलेल्या शेतकऱ्याच्या मानाने चांगलंच आहे की. मी म्हटलं, सातवी? मी बीएस्सी बीएड, मास्तर आहे. त्यांनी फॉर्म काढून मला दाखवला. मग समजावून सांगितलं, हे मार्क पास-नापासाचे नसतात, तुमच्या वयाच्या, तुमच्याइतक्या शिकलेल्या माणसांशी ताडून बघायचे असतात. त्यांनी परत ताडलं. मी खाली आलो, बराच खाली.

आक्काला तिच्या शेजाऱ्यांच्या फोनवर विचारलं, सातवी का सांगितलीस? तर म्हणते कशी, मग काय सांगू? बीएस्सी म्हटलं असतं तर बाईने केवढाले अवघड प्रश्न घातले असते! तू आजारातून उठलेला, तुला जमलं असतं काय रे बाबू? आणि स्वतःच हसली, बघ, पास झालास ना! मी फोन ठेवला आणि पत्र लिहिलं, ते असं:

ती. सुमनआक्कास, सप्रेम जयभीम.

तुझा राग नाही. पण मी ठीक नाही आक्का. मॅडम म्हणतात, काही परत येईल, काही येणार नाही, कुठलं ते त्यांनाही सांगता येत नाही. हेडमास्तरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी दहावी काढून पाचवी दिली, पुढच्या वर्षाचं काही बोलले नाहीत. मला फार भीती वाटते. पुन्हा तपासणी आहे, तू सोबत ये. या वेळी बाहेर विचारतील तेव्हा मी किती शिकलोय ते सगळं सांग. प्रश्न अवघड येऊ देत.

तुझा, बाबू