आप्पांची खूण

शिरूरच्या स्टँडवर वच्छलाबाई दौंडच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी त्याच गाडीला थांबलेली एक म्हातारी आणि तिची भाची गप्पा मारत होत्या. वच्छलाबाईंनी न ऐकायचं ठरवलं तरी कान कुठं ऐकतात?

"एस्तेर, रोज बायबल वाचतीस का गं?"

"वाचते की आत्या. आप्पांसारखंच, सकाळी गॅसवर दूध ठेवलं की बसते."

"तुझा आप्पा दूध उतू गेलं तरी उठायचा न्हाई."

"आन् आई पातेलं घासताना बडबडायची, 'वाचणं तुमचं आन् घासणं माझं!'"

"व्हय गं! मग, कुठवर आलीस?"

"तिथंच."

"तिथंच म्हंजी?"

"आप्पांची खूण हाय तिथंच. माझ्या लग्नपत्रिकेची ती पट्टी. ते गेले तवापासनं त्येच पान वाचते."

"आगं, वर्ष झालं की!"

"पट्टी हलवली तर त्यांचा हात लागलेली जागा मोडंल, आत्या."

"शेवटी त्याला दिसत नव्हतं, तवा मी वाचून दाखवायची. पट्टी मात्र सोताच्या हातानं पुढच्या पानावर सरकवायचा. म्हणायचा, उद्याचं आजच काढून ठेवावं. पोरी, ती खूण उद्यासाठी हाय."

भाचीनं पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं आणि पट्टीचं पान उघडलं.

तेवढ्यात गाडी लागली. माणसं दाराकडं पळाली. वच्छलाबाईंनी खिडकीतून आधी रुमाल टाकला, मग पिशवी, मग डोक्यावरचा टॉवेल.

"तुमचं व्हऊ द्या निवांत," त्या मागं वळून म्हणाल्या. "तिघींची जागा धरलीय मी."