काचेच्या पेटीतला मासा

पाचोरा स्टेशनावर शालिग्रामनाना वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे शेजारच्या दोघांचं बोलणं ऐकत होते.

"जीवरामभाऊ, मुंबईचा मासा कसा शे?"

"समुद्राच्या पाण्यासकट आणला रे झुलाल! पण काचेच्या पेटीत शोभेला गिरणा नदीची वाळू टाकली, न धुता. पाणी पार गढूळ झालं. आणि उद्या व्याही येताहेत मासा पाहायला."

"तुरटी फिरव ना."

"मासा मरेल. वाळू आपोआप खाली बसते म्हणे."

"मंग बसू दे."

"बसेल कशी? जो येतो तो हात घालून मासा चाचपतो. शेजारचा पुना म्हणतो, मनगटाएवढा लागला."

"खरा केवढा शे?"

"करंगळीएवढा."

"व्याह्यांना काय सांगितलं?"

"हातभर."

"मंग भाऊ, गिरणेवरूनच घरी जाऊ. आणखी पाटीभर वाळू घेऊ."