आईच्या माहेरची वाट

आमचा विट्याचा संपत तुम्हाला माहीत आहे ना, केरळात सोनं गाळायचं दुकान चालवायचा तो? गेल्या थंडीत दुकान पोराच्या हाती देऊन गावी आला आणि मला म्हणाला, "गड्या, आष्ट्याला चालत जाऊया. आई माहेरी जायची तसं, रानातनं."

"गाडी हाय की रं!"

"गाडीनं जाऊन काय करू? आई वारली तवाबी मी केरळातच हुतो."

मग निघालो. दोन दिवस उसाच्या बांधाबांधानं चाललो. जुनी वाट बरीचशी नांगरून गेलेली. आष्ट्याच्या अलीकडं एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. तिनं विचारलं, "कुठलं रं बाबांनो तुमी?"

संपतनं आईचं नाव सांगितलं.

म्हातारीनं त्याचा हातच धरला. "हौसाचा व्हय तू? आमी दोघी संगं वाढलो. लय वर्सं झाली, आली न्हाई ती. बरी हाय न्हवं?"

मी संपतकडं बघितलं. तो म्हणाला, "बरी हाय."

"मग येकदा घिऊन ये की तिला."

"आणतो, मावशी."

आम्ही पुढं निघालो. म्हातारी हात हलवत होती, आणि हा गडी चालायचं सोडून मागंच बघत उभा.